ओरडणारा माणूस, गाणारी गिटार

डेथ मेटल हे जड, कर्कश रॉक संगीत घरात लावलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा बाबा एवढा ओरडतोय कशाला? प्रश्न रास्त आहे. पण विचारणाऱ्याने त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे गळा जे करतो तेच गाणं. भावगीतं, नाट्यपदं, सिनेमाची गाणी ऐकत आपण वाढलो. चाल गळ्यातून यायची आणि वाद्यांनी मागे साथ करायची, हे इतकं अंगवळणी पडलंय की दुसरी काही वाटणी असू शकते हे सुचतच नाही. स्वीडन, फिनलंड, डेन्मार्क या देशांतल्या संथ डेथ मेटलमध्ये नेमकी ती वाटणी उलटी आहे. गळा साथीला बसलाय आणि गातेय ती गिटार.

या प्रकाराला ऐकणारे लोक मेलोडिक डेथ-डूम म्हणतात. डेथ मेटलचा घोगरा आवाज आणि जड गिटार, डूम मेटलची रेंगाळती चाल, आणि त्यावर तरंगणारी एक लांबलचक, बहुधा उदास धून. हे ऐकून माणसं हेलावून का जातात, हे समजायला संगीत शिकलेलं असण्याची गरज नाही. मात्र आत काय चाललंय ते थोडं उघडून बघावं लागेल.

आधी तो ओरडा. त्याला ग्रोल म्हणतात. नेहमीच्या गाण्यात स्वरतंतू ठरावीक वेगाने थरथरतात, म्हणून आपल्याला ठरावीक उंचीचा सूर ऐकू येतो. ग्रोलमध्ये स्वरतंतूंच्या वरच्या घड्याही थरथरायला लागतात, आणि त्या एका ठेक्यात थरथरत नाहीत. त्यामुळे आवाजाला वजन येतं, धार येते, लय पक्की राहते, पण सूर असा हाती लागत नाही. म्हणजे ज्या जागेवर एरवी गायकाची चाल असते ती जागा रिकामी झाली. वेगवान डेथ मेटलमध्ये ती रिकामीच राहते आणि तिथे ढोल आणि रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, यांची झटापट चालते. संथ प्रकारात तिथे लीड गिटार, म्हणजे चाल वाजवणारी गिटार, येऊन बसते.

आता खालच्या गिटारचं काम. मेटलमधली ऱ्हिदम गिटार सहसा पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेला स्वरांचा गट, वाजवत नाही, पॉवर कॉर्ड वाजवते. नाव भारदस्त असलं तरी त्यात असतात फक्त सा आणि प, फार तर वरचा सा. आपल्याला हे नवीन नाही. पंचमाला जुळवलेला तानपुरा हेच करतो. आणि तानपुऱ्याबद्दल प्रत्येक गाणाऱ्याला माहीत असलेली गोष्ट इथेही खरी आहे: सा आणि प कुठलीच भावना सांगत नाहीत. त्यांच्यावर शुद्ध गंधार लावला की उजेड, कोमल लावला की सावली. निर्णय गंधाराचा. पॉवर कॉर्डमध्ये गंधार नसतोच, म्हणून एवढी प्रचंड, भिंत हलवणारी गिटार खरं तर तटस्थ असते. दुःख की दिलासा, हे वरची एकटी बारीक तार ठरवते.

मग खालच्या गिटारने गंधार घेतला तर काय बिघडतं? बिघडतं ते डिस्टॉर्शनमुळे. डिस्टॉर्शन म्हणजे सिग्नल इतका वाढवायचा की त्याची शिखरं छाटली जातात. या छाटणीत एक गंमत होते: आवाज वाढवणाऱ्या एकाच अ‍ॅम्पमधून दोन स्वर गेले तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर तयार होतात. सा आणि प यांचं प्रमाण २ ला ३, वजाबाकी १, म्हणजे त्याच सा च्या खालचा सा. न वाजवलेला खर्ज आपोआप भेट मिळाला. पॉवर कॉर्ड एवढी भरीव लागते त्यामागे हे एक कारण आहे. सा आणि कोमल ग यांचं प्रमाण ५ ला ६. वजाबाकी इथेही १, पण तो निघतो फार खालचा कोमल ध. कोणी न मागितलेला. त्यात गिटारच्या पडद्यांचे स्वर या नेमक्या प्रमाणांत बसत नाहीत, ते थोडे इकडेतिकडे असतात, त्यामुळे आणखी चिखल होतो.

म्हणून या बँडमध्ये दोन गिटार असणं ही चैन नाही, गरज आहे. गंधार दुसऱ्या माणसाच्या हातात, दुसऱ्या अ‍ॅम्पमध्ये. दोन्ही आवाज वेगवेगळे छाटले जातात आणि मिसळतात ते बाहेर, हवेत. त्यामुळे खालची भिंत तशीच अभंग आणि वरचा सूर स्वच्छ. रेकॉर्डिंगमध्येही बहुतेकदा ऱ्हिदम गिटार डाव्या-उजव्या बाजूला आणि लीड मधोमध ठेवतात. हेडफोन लावले की ही मांडणी स्पष्ट कळते.

याच्या जोडीला तारा उतरवलेल्या असतात. नेहमीच्या गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर बोलते. अनेक बँड तिला पाश्चात्त्यांच्या बी या स्वरापर्यंत, म्हणजे ६२ हर्ट्झच्या आसपास आणतात. अशाच उतरवलेल्या गिटारवर सर्वांत बारीक तार बाराव्या पडद्यावर दाबली की मिळतो ४९४ हर्ट्झ. बरोबर तीन सप्तकांचं अंतर. खाली तळघर, वर गच्ची, आणि मधल्या मोकळ्या जागेत तो ग्रोल.

आता संथपणाकडे येऊ, कारण सगळी मेख तिथे आहे. २०० च्या टेम्पोत, म्हणजे मिनिटाला २०० मात्रा असताना, चार मात्रांचा एक बार १.२ सेकंदात संपतो. ६० च्या टेम्पोत त्यालाच चार सेकंद लागतात. साध्या गिटारची छेडलेली तार चार सेकंदांत बरीचशी विझून जाते. पण छाटणीमुळे स्वराचा मोठा आणि लहान भाग जवळजवळ सारख्याच जोराने ऐकू येतो, त्यामुळे तो लवकर मावळत नाही. अ‍ॅम्प मोठा असेल तर त्याच्या आवाजाने तारच पुन्हा थरथरत राहते. गिटार हे मुळात छेडण्याचं वाद्य, पण इथे ते व्हायोलिन किंवा सनई यांच्यासारखा श्वास धरू लागतं.

या चार सेकंदांत काय घडतं ते एका उदाहरणाने बघू. या संगीतात एक कॉर्डमालिका सतत भेटते. आपल्या स्वरांत सांगायचं तर खालची गिटार सा वरून कोमल ध वर जाते, तिथून कोमल ग वर, मग कोमल नी वर. प्रत्येक ठिकाणी तिच्याबरोबर तिचा स्वतःचा पंचम आहेच. समजा वरच्या गिटारने पूर्ण वेळ एकच स्वर धरून ठेवला, कोमल ग. हात हलवला नाही. खाली सा आहे तोवर तो स्वर खिन्न आहे, सरळसरळ कोमल गंधार. खालचा आधार कोमल ध वर गेला की तोच स्वर त्याचा पंचम होतो, स्थिर, शांत. मग आधार कोमल ग वर येतो आणि वरचा स्वर एकदम घरी पोचतो, कारण आता तोच षड्ज आहे. शेवटी आधार कोमल नी वर जातो, आणि तो बिचारा मध्यम होऊन लटकतो. त्याला खाली उतरायचंय. लीड गिटार त्याला एक पडदा खाली, रे वर आणते, आणि रे म्हणजे कोमल नी चा शुद्ध गंधार. सोळा सेकंदांच्या उदासीनंतर अर्ध्या मात्रेचा उजेड.

ख्याल ऐकणाऱ्याला यातली नवी बाब चटकन कळेल. आपल्याकडे तानपुरा जागचा हलत नाही आणि गवई त्याच्याभोवती फिरतो. इथे गवई उभा राहतो आणि तानपुराच चालू लागतो. वेगात हे सगळं निसटून जातं. ठाय लयीत प्रत्येक बदल कानाला पुरता कळतो, पुढच्याची वाट बघायला वेळ मिळतो, आणि ती वाट बघणं हाच आनंदाचा मोठा हिस्सा आहे.

वापरले जाणारे स्वरही आपल्या ओळखीचे आहेत. पाश्चात्त्य लोक ज्याला नैसर्गिक मायनर म्हणतात त्यात ग, ध, नी कोमल आणि बाकी शुद्ध. भातखंड्यांच्या वर्गीकरणात हाच आसावरी थाट. जौनपुरी आणि दरबारी त्यातलेच. म्हणून फिनलंडची गिटार दरबारी वाजवते असं कोणी म्हणू नये. थाट म्हणजे राग नव्हे, आणि दरबारीच्या आंदोलित गंधाराला जे अंग लागतं ते पडद्याच्या वाद्यात सहज येत नाही. पण आपला कान या स्वरांच्या घरात राहून आलेला आहे, एवढं नक्की. गिटारवाला रे वर बोट ठेवून तार हळूहळू ताणत कोमल ग पर्यंत नेतो, अख्खी मात्रा घेत, पोचल्यावरही तो स्वर किंचित हलवत राहतो, तेव्हा मींड ऐकलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दोन्ही गिटार एकत्र गाऊ लागल्या की आणखी एक थर चढतो. एक गिटार चाल वाजवते आणि दुसरी तीच चाल त्याच स्वरपंक्तीत दोन पायऱ्या वरून. सा ला कोमल ग, रे ला म, कोमल ग ला प, असं. यातली काही अंतरं तीन अर्धस्वरांची, काही चारची. सातांपैकी चार जोड्या सावलीच्या, तीन उजेडाच्या. त्यामुळे चाल पुढे सरकते तसा रंग आपसूक लुकलुकतो, मुद्दाम काही न करता. ही युक्ती मेटलमध्ये रुळवण्यात इंग्लंडच्या आयर्न मेडन या बँडचा वाटा मोठा. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या पोरांनी नव्वदीच्या मध्यात ती उचलून वेगवान डेथ मेटलमध्ये घातली. संथ मंडळी तीच युक्ती कमी वापरतात, आणि माझ्या मते म्हणूनच ती जास्त लागते.

हे सगळं आलं कुठून? लोक लगेच उत्तर देतात: तिकडे बर्फ, अंधार, सहा महिने हिवाळा, मग दुसरं काय वाजवणार! मला हे उत्तर आळशी वाटतं. डेथ मेटलवर संथ उदास लीड चढवण्याची पद्धत पहिल्यांदा नीट बसवली ती उत्तर इंग्लंडच्या बँडनी. हॅलिफॅक्सच्या पॅराडाइज लॉस्टचा १९९१ सालचा 'गॉथिक' हा अल्बम ऐका. ग्रेगर मॅकिंटॉशची लीड तिथे गायकाच्या खांद्यावरून सतत बोलत असते. हॅलिफॅक्सला पाऊस आहे, ध्रुवीय रात्र नाही.

उत्तरेकडे जमीन तयार होती, पण ती हवामानाने केलेली नव्हती. स्टॉकहोमच्या कँडलमास या बँडने १९८६ मध्येच संथ, भव्य डूम मेटल मांडलं होतं. त्याच शहरात टॉमस स्कोग्सबर्गच्या सनलाइट स्टुडिओत डेथ मेटलचा एक खास आवाज जन्मला. बॉस कंपनीचं एचएम-२ नावाचं डिस्टॉर्शनचं पेडल घ्यायचं आणि त्याची चारही बटणं शेवटपर्यंत पिळायची. करवतीसारखा आवाज येतो. एंटुम्ड या बँडचा १९९० चा पहिला अल्बम याच आवाजाचा. त्याच्या शीर्षकगीताच्या शेवटी वेग अचानक उतरतो आणि १९७९ च्या एका भयपटाच्या धूनवर बेतलेली संथ लीड सुरू होते. तिथे करवत आणि धून एकत्र नांदू शकतात हे सगळ्यांनी ऐकलं.

आणि पैसा. स्वीडनमध्ये नगरपालिकांच्या संगीतशाळा आहेत, आणि बँडला तालमीची जागा मिळायला अभ्यासमंडळांमार्फत सरकारी मदत मिळते. फिनलंडमध्येही अनुदानावर चालणाऱ्या संगीतसंस्थांचं जाळं आहे. पंधरा वर्षांच्या पोराला शेजाऱ्यांच्या शिव्या न खाता रोज मोठ्याने वाजवायला खोली मिळणं, याचा परिणाम बर्फापेक्षा जास्त असावा असा माझा अंदाज. फिनलंडचं एक मात्र मान्य करायला हवं: मायनरची आवड तिथे मेटलच्या आधीपासून आहे. अर्जेंटिनातून आलेला टँगोसुद्धा त्यांनी आपलासा करताना बहुतांशी मायनरमध्ये नेला, आणि आजीआजोबांची पिढी त्यावर नाचली. नातवाने गिटार उचलली तेव्हा कानात तेच होतं.

(फिनलंड काटेकोरपणे स्कँडिनेव्हियात येत नाही हे मला माहीत आहे. बँडच्या आणि ऐकणाऱ्यांच्या लेखी तो एकच मोहल्ला आहे.)

हेलसिंकीच्या अमॉर्फिसने १९९४ मध्ये 'टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स' काढला. रेकॉर्डिंग त्याच सनलाइट स्टुडिओत, शब्द 'कालेवाला' या फिनिश महाकाव्यातले. एलियास ल्योनरोटने लोकगीतं गोळा करून ते १८३५ मध्ये पहिल्यांदा छापलं. ही गीतं थोड्याच स्वरांत, पुन्हा पुन्हा त्याच ओळीवर येत गायली जायची. सोबतीच्या कांतेले या वाद्याला जुन्या काळी पाचच तारा. अमॉर्फिसच्या गिटारच्या चाली ऐकताना हे आठवतं: त्या फार लांब उड्या मारत नाहीत, शेजारच्या स्वरांतच फिरतात, गुणगुणता येतात. या अल्बमला पूर्ण संथ म्हणता येणार नाही, पण ग्रोल चालू असताना आपण नकळत गिटारची ओळ गुणगुणतोय हा अनुभव पहिल्यांदा घ्यायला यासारखा दुसरा नाही.

कॅटाटोनियाचं प्रकरण अजब आहे. स्टॉकहोमच्या या बँडचा १९९६ चा 'ब्रेव्ह मर्डर डे' मला या प्रकारातला सर्वांत हट्टी अल्बम वाटतो. गायक यूनास रेंक्सेच्या गळ्याला ग्रोल झेपेना, म्हणून ते काम मित्राला, ओपेथ या बँडच्या मिकाएल ओकरफेल्टला दिलं. रेंक्सेने ढोल वाजवले आणि एका गाण्यात साध्या आवाजात गायला. बाकी सगळा भार गिटारवर. पहिलं गाणं दहा मिनिटांच्या वर आहे, आणि त्यात मिरवायला लीडचा फवारा नाही. अँडर्स न्यूस्त्रोम आणि फ्रेड्रिक नोरमन मोजकेच स्वर घेतात आणि ते घोटत राहतात. पहिल्या मिनिटाला वाटतं, एवढंच? तिसऱ्या मिनिटापर्यंत कान त्या आवर्तनाला इतका सरावतो की त्यातला एक स्वर बदलला तरी धक्का बसतो. भजनाला बसणाऱ्या माणसाला ही पुनरावृत्ती परकी वाटू नये.

कोपनहेगनचा सॅटर्नस दुसऱ्या टोकाला. त्यांची लीड उघड उघड रडते, लांब ताणलेल्या तारांनी, लाज न बाळगता. काहींना ते अती वाटतं. मला २००० सालच्या 'मार्टर'मध्ये ते अती वाटत नाही, कारण दोन आक्रोशांच्या मध्ये ते शांततेलाही जागा देतात.

गिटारला गायला लावण्याची ही युक्ती सोपी असल्यामुळे तिचा विचका करणंही सोपं आहे. वर सांगितलेली चार पायऱ्यांची कॉर्डमालिका इतक्या बँडनी इतक्या वेळा वापरलीय की तिची धार बोथट झालीय. २००० नंतरच्या कितीतरी अल्बममध्ये लीड गिटार थांबतच नाही. तिच्यावर कीबोर्डची व्हायोलिनं, त्यावर पियानो, त्यावर बाईचा आवाज. गंधार सगळेच लावू लागले की निर्णय कोणाचाच राहत नाही. चांगला बँड ओळखायची माझी एक साधी खूण आहे: लीड येण्याआधी तो किती वेळ नुसत्या सा-प वर थांबतो ते बघायचं.

फिनलंडच्या स्वॅलो द सनने २०१५ मध्ये तीन भागांचा अल्बम काढला, 'साँग्स फ्रॉम द नॉर्थ'. पहिल्या भागात त्यांचं नेहमीचं जड-मधुर मिश्रण, दुसरा शांत, अ‍ॅकूस्टिक, ग्रोलशिवाय, आणि तिसरा फ्युनरल डूम, म्हणजे या घराण्यातला अतिविलंबित प्रकार. एकाच बँडच्या चाली डिस्टॉर्शन काढल्यावर कशा वाटतात आणि वेग काढून घेतल्यावर कशा, हे शेजारी शेजारी ऐकायची सोय क्वचितच मिळते. दुसऱ्या भागातली चाल गोड आहे. पण खाली ती भिंत नसली की तिला तोलायला काही उरत नाही, असं मला वाटत आलंय. इतरांचं मत वेगळं असेल.

तिसऱ्या भागात मर्यादाही दिसते. टेम्पो ४० वर आला की एक बार सहा सेकंदांचा होतो, चार कॉर्डची फेरी चोवीस सेकंदांची. पहिला स्वर आणि शेवटचा स्वर एकाच चालीचे आहेत हे लक्षात ठेवणं कानाला जड जाऊ लागतं. चाल विरघळते, उरतो नुसता स्वरांचा साठा. रीहिमाकीच्या स्केप्टिसिझमने १९९५ च्या 'स्टॉर्मक्रोफ्लीट'मध्ये यावर स्वतःचा तोडगा काढला. बँडमध्ये बास गिटार नाहीच, आणि ऑर्गनसारखा कीबोर्ड लांब स्वर धरून गिटारइतकाच पुढे बसतो. ऑर्गनला सस्टेनची, म्हणजे स्वर टिकवण्याची, चिंता नसते, बोट आहे तोवर स्वर आहे. तिथून पुढे लीड गिटारची गोष्ट राहत नाही, म्हणून नवख्याने सुरुवात तिथून करू नये. आधी अमॉर्फिस, मग कॅटाटोनिया, मग सॅटर्नस. आणि पहिल्यांदा ऐकताना शब्दांचा कागद बाजूला ठेवून फक्त मधोमध वाजणारी गिटार धरून चालावं.